लिफ्ट केलेल्या जिप्सीतला घुमणारा आवाज: पार्ट बदलण्याआधी तो कशाबरोबर फिरतोय ते शोधा

तुम्ही दिलेली माहिती आधी एकदा सलग मांडतो, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. २००९ ची जिप्सी किंग, लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला लटकवणाऱ्या पट्ट्या) आणि स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा टाकून अडीच इंच उचललेली, २३५/७५ आर १५ चे मड टायर, स्नॉर्कल (इंजिनाची हवा वरून घेणारा पाइप), टपावर कॅरिअर आणि लाइट बार, खाली दगडांपासून वाचवणारी नवीन स्किड प्लेट. ५० ते ६० च्या मध्ये बुडाखालून घूं घूं असा घुमणारा आवाज येतो, सोबत ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) लिव्हर थरथरतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बराच कमी होतो, ६५ च्या पुढे जवळजवळ जातो, आणि एखाद्या सकाळी येतच नाही. लिफ्ट केल्यावर लगेच नव्हता, महिनाभराने भर पावसात ताम्हिणीकडे ट्रिप झाली आणि तिथून सुरू झाला. आतापर्यंत मागची दोन्ही व्हील बेअरिंग बदलून झाली, डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मध्यातली, दोन्ही चाकांना ताकद वाटणारी पेटी) उघडून त्यातले गिअर, म्हणजे क्राऊन-पिनियन, बघून झाले, ऑइल बदललं, आणि आता मिस्त्री म्हणतोय ट्रान्सफर केस खोलू.

नका खोलू. निदान आत्ता तरी नको. तुमचे पैसे वाचावेत एवढंच कारण नाही, चांगला चाललेला गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केस उगाच उघडला की पुढे त्याचा स्वतःचा एक वेगळा आवाज सुरू होऊ शकतो आणि मग दोन आवाजांच्या मागे पळावं लागतं. मी वीसेक वर्षं याच गाड्यांच्या खाली झोपतोय, आणि मॉडिफाय केलेल्या गाडीत आवाज शोधायची माझी पद्धत एकच आहे: आवाज कुठून येतोय हे विचारायचं नाही, आवाज कशाच्या वेगाबरोबर बदलतोय हे विचारायचं. जिप्सीचं चेसिस म्हणजे लांब लोखंडी शिडी आहे, मागच्या टोकाला झालेली थरथर ड्रायव्हरच्या सीटखाली ऐकू येते, ट्रान्सफरची थरथर मागच्या चाकातून आल्यासारखी वाटते, त्यामुळे जागेच्या बाबतीत कान हमखास फसतो. वेगाच्या बाबतीत नाही फसत.

म्हणून पहिलं काम रस्त्यावर. शेजारी एक माणूस घ्या, काच वर, फॅन आणि म्युझिक बंद, मागचं सगळं सामान खाली काढा, हाय-लिफ्ट जॅक, टो-रोप, त्याचा शॅकल, टूलबॉक्स, स्पेअर डबा, सगळं. हे सांगताना मला काही वाटत नाही कारण मागच्या दरवाज्यावरच्या स्टेपनीचा एक नट ढिला म्हणून लोकांनी शॉक-अब्सॉर्बर बदललेले मी बघितलेत. रिम आतून धुवा. जिप्सीच्या रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल बसला की चाक बॅलन्समधून जातं, आणि पावसातल्या ट्रिपनंतर सुरू झालेल्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. तुमची तिथे संपेल असं मला वाटत नाही, कारण चाकाची तक्रार अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर कमी होत नाही, पण धुवाच.

मग सपाट रस्त्यावर ५५ धरा. चौथ्या गिअरला ५५, मग पाचव्याला ५५, मग तिसऱ्याला ५५. इंजिनाचा वेग तिन्ही वेळा वेगळा, चाकाचा तोच. आवाज तिन्ही गिअरमध्ये ५५ लाच येत असेल तर इंजिन, क्लच, अल्टरनेटर, एअर फिल्टर, स्नॉर्कलचा होस हे सगळं एका झटक्यात यादीतून बाहेर. गिअरप्रमाणे वेग बदलत असेल, म्हणजे तिसऱ्यात ४० ला येतोय आणि पाचव्यात ७० ला, तर तो इंजिनाबरोबर बांधलेला आहे, आणि मग सायलेन्सरचा पाइप कुठे चेसिसला किंवा क्रॉस मेंबरला टेकतोय ते बघायचं. लिफ्टनंतर हे बरंच होतं, म्हणजे खाली मोकळी जागा वाढलेली असते, पण काम करताना हँगरचा रबर एखाद्या ठिकाणी ओढून बसवलेला असतो आणि इंजिन लोडवर जरा कलंडलं की पाइप टेकतो.

त्यानंतर ६५ ला न्या, क्लच दाबा, न्यूट्रल करा आणि गाडी तशीच ५० पर्यंत वाहू द्या. इंजिन बंद करू नका, ब्रेकचा बूस्टर जातो. आवाज तसाच राहिला तर चाक, टायर, बेअरिंग, हब. आवाज गेला तर तो लोडवरचा आहे, म्हणजे ताकद ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावरचा: गिअरबॉक्सपासून मागच्या पिनियनपर्यंत कुठेतरी. तुम्ही लिहिलंय अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बराच कमी होतो. यावरूनच मी म्हणेन की बेअरिंग बदलायची घाई झाली. व्हील बेअरिंगचा आवाज अ‍ॅक्सिलरेटरला नाही, वजनाला ऐकतो: ५० च्या आसपास रिकाम्या रस्त्यावर गाडी हळूच डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा घूं वाढला तर उजवं बेअरिंग, कमी झाला तर डावं. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही.

मड टायरचंही असंच. हे टायर घुमतातच. पण टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर एक आणि जुन्या हायवेच्या डांबरावर दुसरा, हे प्रत्येकाने ऐकलंय. शिवाय हवेचं प्रेशर सहा-आठ पीएसआयने वर-खाली केलं की सूर बदलतो, अर्थात टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. तुमचा आवाज ६५ नंतर जातो म्हणताय, टायर असं करत नाही, टायरचा आवाज वेगाबरोबर चढत जातो. एका ठराविक पट्ट्यात येणारा आणि वरखाली दोन्हीकडे जाणारा आवाज म्हणजे काहीतरी फिरणारं कशाला तरी हलवतंय आणि त्या पट्ट्यातच ते जुळतंय.

आता जिप्सीची स्वतःची एक गोष्ट सांगतो जी बऱ्याच नवीन मिस्त्रींना माहीत नसते, कारण त्यांच्या हाताखालून गेलेल्या बाकी फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्याच पाठीला बोल्ट केलेली असते. जिप्सीत तशी नाही. १९८५ ला ती आली तेव्हापासून तिची ट्रान्सफर केस वेगळी, मध्ये लटकलेली, तीन रबर माउंटवर, आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद नेणारा फिरता दांडा. म्हणजे गाडीत शाफ्ट तीन: हा आखूड, एक मागे जाणारा, एक पुढे जाणारा. आणि दुसरी गोष्ट, जिप्सी किंगच्या ट्रान्सफरला हाय मध्येसुद्धा एकास एक नसतं, साधारण १.४ चं रिडक्शन असतं. म्हणजे टू-हाय मध्ये, नेहमीच्या मागच्या दोन चाकांच्या ड्राइव्हमध्ये, तुम्ही चाललात तरी आखूड शाफ्ट मागच्या शाफ्टपेक्षा जवळजवळ दीडपट जोरात फिरतो. या एका आकड्यावर मी कितीतरी आवाज पकडलेत.

हिशोब करून दाखवतो, कागद-पेन घ्या. २३५/७५ आर १५ टायरचा एका फेऱ्याचा रस्ता वजनाखाली साधारण २.२५ मीटर. ५५ किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला १५.३ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ६.८ फेरे. किंगच्या डिफरन्शियलचा रेशो ३.९ च्या आसपास, म्हणून मागचा प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला २६-२७ फेरे. त्याला १.४ ने गुणलं की आखूड शाफ्ट ३७ ते ३८. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने डिफरन्शियलचं हाऊसिंग बदललेलं असू शकतं, म्हणून रेशो मोजून घ्या, सोपं आहे: मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर, गाडीला दगड लावा, ट्रान्सफर न्यूट्रल, आणि उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा, शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. एकच चाक फिरत असलं की डिफरन्शियल ते निम्मं करतं, म्हणून दोन फेरे.

आता फोनवर एखादं फुकटचं फ्रिक्वेन्सी दाखवणारं अ‍ॅप टाका, फोन ट्रान्सफर लिव्हरच्या बाजूला जमिनीवर ठेवा आणि ५५ ला शेजारच्याला हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती थरथरी याचा, आकडा वाचायला सांगा. ७ च्या जवळ थरथर असेल तर चाक. २६-२७ असेल तर मागच्या शाफ्टचा बॅलन्स. ५३ च्या जवळ असेल तर मागच्या शाफ्टचे कोन, कारण क्रॉस जॉइंट, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा, वाकड्यात फिरला की एका फेऱ्यात दोनदा झटका देतो. ३७ असेल तर आखूड शाफ्टचा बॅलन्स, आणि ७५ असेल तर आखूड शाफ्टचे कोन किंवा त्याचे क्रॉस. इथे एक फसगत आहे, ती नीट लक्षात ठेवा. चौथा गिअर एकास एक आहे, त्यामुळे चौथ्यात ५५ ला इंजिनही सेकंदाला ३७-३८ फेरेच मारतं, म्हणजे साधारण २२५० आरपीएम, आणि चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा फायर होतं म्हणजे तेही ७५. इंजिन आणि आखूड शाफ्ट एकाच आकड्यावर येऊन बसतात आणि अ‍ॅप तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. म्हणून हे वाचन पाचव्या गिअरमध्ये घ्या. पाचव्यात इंजिन खाली येतं, आखूड शाफ्ट गिअरबॉक्सच्या नंतर असल्यामुळे तिथेच राहतो. कमी आकड्यांना फोनचा माइक कच्चा असतो, ७ वगैरे तो पकडत नाही, त्यासाठी फोनमधला हलणं मोजणारा सेन्सर वापरणारं अ‍ॅप घ्यायचं, पण ५३ आणि ७५ माइक बहुतेक वेळा दाखवतो.

माझा संशय ७५ वर आहे, का ते सांगतो. थरथर ट्रान्सफर लिव्हरला येते, लोडवर येते, पाण्याच्या ट्रिपनंतर सुरू झाली. ट्रान्सफरचे ते तीन रबर जिप्सीचा जुना दुखरा कोपरा आहे. ट्रान्सफरमधून किंवा गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून थोडं जरी ऑइल झिरपत असेल तर ते रबरवर जाऊन ते फुगवतं, मऊ करतं. मग लोड आला की अख्खी केस पिळली जाते, आखूड शाफ्टचा कोन बदलतो, आणि शाफ्ट इतका आखूड आहे की केस दहा मिलिमीटर सरकली तरी कोन बराच वाढतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की केस परत जागेवर. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं.

बघायचं कसं? इंजिन बंद, चाकांना पुढे-मागे दगड, मग पहारीने ट्रान्सफरची केस हळूच वर-खाली, डावी-उजवी हलवा. थोडी हलणारच, रबरच आहे ते, पण रबर धातूपासून सुटलेलं, फाटलेलं किंवा हाताला चिकट लागलं तर तिन्ही एकदम बदला, एकच बदलू नका, एक नवा आणि दोन जुने ठेवले की केस वाकडी बसते. दुसरी चाचणी: एक जण गाडीत, पाय ब्रेकवर घट्ट, पहिला गिअर, क्लच हळू सोडत इंजिन दबेपर्यंत, मग तसंच रिव्हर्सला. तुम्ही बाजूला उभं राहून वाकून बघा केस किती उसळते. गाडीच्या पुढे, मागे किंवा खाली कोणीही नको. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

पण त्याच्याही आधी, आजच्या आज, स्किड प्लेट काढा. सहा-आठ बोल्ट, पंधरा मिनिटं, आणि प्लेटशिवाय एक चक्कर मारून या. ट्रान्सफरखालच्या प्लेटला केसपासून बोटभर जागा ठेवलेली असते, रबर थोडे बसले, किंवा प्लेट ट्रिपमध्ये एखाद्या दगडावर आपटून वर वाकली, की लोडवर केस प्लेटला टेकते आणि प्लेट ढोलासारखी घुमते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सुटते. प्लेट काढल्यावर तिच्या वरच्या बाजूला घासून चकाकलेला डाग आहे का बघा, पण चिखलाने तो दिसत नसेल तर माझी जुनी युक्ती: घट्ट मळलेल्या कणकेचे तीन-चार गोळे प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून केस आणि प्लेटच्या मध्ये ठेवायचे, प्लेट परत बसवायची, एक चक्कर मारायची आणि काढून बघायचं. जिथे गोळा चेपून कागदाएवढा झालाय तिथे टेकतंय. एक्झॉस्ट आणि चेसिसमध्येही हेच करता येतं, फक्त तिथे गार असताना आणि जागच्या जागी, कारण गरम पाइपवर कणीक आणि प्लास्टिक दोन्ही जळतात.

प्लेट काढूनही आवाज तसाच असेल तर जागेवरची चाचणी करा, ही फक्त जिप्सीसारख्या वेगळ्या ट्रान्सफरच्या गाडीतच इतकी स्वच्छ होते. दगड लावा, ट्रान्सफर लिव्हर न्यूट्रलला, गिअर लिव्हर चौथ्यात, क्लच सोडा. गाडी उभी, पण आखूड शाफ्ट फिरतोय. २२५० आरपीएमला न्या, म्हणजे आखूड शाफ्ट बरोबर तुमच्या ५५ च्या वेगाने फिरेल आणि मागचा शाफ्ट, डिफरन्शियल, चाकं सगळं थांबलेलं असेल. आता गिअर काढून नुसतं २२५० करा. पहिल्यात थरथर आणि दुसऱ्यात नाही, तर चोर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून ट्रान्सफरच्या इनपुटपर्यंतच्या फूट-दीड फुटातच आहे. पण उलटं धरू नका, इथे लोड नसतो, त्यामुळे जागेवर आवाज आला नाही म्हणून माउंट चांगले असं ठरत नाही.

आखूड शाफ्ट खाली काढायला सोपा आहे, फ्लँजचे, म्हणजे टोकाच्या चकतीचे, बोल्ट दोन्हीकडे. काढण्याआधी फ्लँज, शाफ्ट आणि सरकणाऱ्या जोडाच्या दोन्ही भागांवर पेंटने एक सरळ रेष मारा. हे न करता शाफ्ट काढणं म्हणजे नवीन आवाजाला आमंत्रण, कारण दोन टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एका रेषेत असावे लागतात, सरकणारा जोड एक दात जरी चुकीचा बसला तर दोन्ही क्रॉसचे झटके एकमेकांना मारून टाकायच्या ऐवजी भर घालतात. लिफ्ट करताना तुमचे शाफ्ट सोडले होते का हे त्या माणसाला विचारा. सोडले असतील तर तिन्ही शाफ्टवर योक एका रेषेत आहेत का ते आधी बघा, फुकटात आवाज जायची ही सगळ्यात चांगली संधी आहे. शाफ्ट हातात आला की क्रॉस चारही दिशांना वाकवा. मोकळा, एकसारखा वाकला पाहिजे. मध्येच अडकला किंवा खाचेत बसल्यासारखं वाटलं तर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया गंजून आत घर केलंय, पाण्यात गेलेल्या गाडीत ग्रीस वाहून गेलं की हे महिनाभरात होतं. हळू चालताना चिक चिक चिक असा चिमणीसारखा आवाज येत असेल तर तो याचाच आधीचा टप्पा. मी माझ्या गाडीला पाण्यातून आणलं की त्याच संध्याकाळी सगळ्या निपलना ग्रीस गन लावतो, जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येईपर्यंत.

अ‍ॅपने ५३ दाखवलं तर गोष्ट मागच्या शाफ्टची, आणि तिथे तुमचा लांब शॅकल पहिला आरोपी. जिप्सीच्या मागच्या पाट्याला शॅकल मागच्या टोकाला आहे. तो लांब केला की पाट्याचं मागचं टोक चेसिसपासून खाली जातं, पुढचं तिथेच राहतं, म्हणून अ‍ॅक्सल फिरतं आणि पिनियनचं नाक, म्हणजे शाफ्ट जोडतो ते पुढचं टोक, वर होतं. पाटा मीटरभर धरला आणि शॅकल दोन इंचाने लांब धरला तर साधारण ३ अंश. उचललं जातं मात्र एकच इंच. आता ट्रान्सफरच्या फ्लँजचा कोन आणि पिनियनच्या फ्लँजचा कोन समांतर असले तर पुढच्या क्रॉसचा झटका मागचा क्रॉस रद्द करतो, ३ अंशाचा फरक पडला की करत नाही. आणि नुसता कोन मोठा असणंही वाईटच, क्रॉस १० अंशात फिरला तर बाहेरचा वेग दीड टक्का वर-खाली होतो, २० अंशात सहा टक्के, म्हणजे कोन दुप्पट तर त्रास चौपट.

फोनमधल्या लेव्हलने दोन्ही फ्लँजच्या तोंडावर कोन मोजा, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. हे फार महत्त्वाचं आहे. गॅरेजमध्ये गाडी चेसिसला घोडी (लोखंडी स्टँड) लावून उचलतात, अ‍ॅक्सल खाली लटकतं, शाफ्टचा कोन भलताच होतो, मग तिथे गिअर टाकून चाकं फिरवली की जो आवाज येतो तो रस्त्यावर नसलेला आवाज असतो, आणि अशा खोट्या आवाजापायी चांगले क्रॉस आणि पिनियन बेअरिंग बदललेले मी बघितलेत. उचलायचीच असेल तर घोडी अ‍ॅक्सलच्या खाली, आणि चाकं फिरत असताना खाली माणूस नाही, कधीच नाही. ऐकायचं असेल तर कॉलरचा साधा माइक संशयाच्या जागेजवळ टेपने चिकटवा, वायर फिरणाऱ्या भागापासून लांब बांधा, आणि रस्त्यावर रेकॉर्ड करा. एकदा ट्रान्सफरवर, एकदा पिनियनजवळ, मग दोन्ही हेडफोनवर ऐका.

फरक एक अंशापेक्षा जास्त निघाला तर पाटा आणि अ‍ॅक्सलच्या पॅडमध्ये टेपर शिम, म्हणजे पाचरीसारखी पट्टी, बसवायचा. जिप्सीत अ‍ॅक्सल पाट्याच्या वर बसतं, नाक खाली आणायचंय म्हणून शिमची जाड बाजू मागे. लोखंडी शिम घ्या, अ‍ॅल्युमिनियमचे ऑफ-रोडला पिचतात. नाक समांतरपेक्षा एक-दीड अंश खालीच ठेवा, कारण लोडवर पाटा पिळतो आणि नाक आपोआप वर चढतं. पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवीनच टाका आणि पाचशे किलोमीटरनंतर परत आवळा. तुमचे लिफ्टनंतर परत आवळले होते का? तुम्ही लिहिलं नाहीये. नवीन पाटे बसतात, यू-बोल्ट ढिले पडतात, पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टवर सगळा भार येतो आणि तो तुटला तर अ‍ॅक्सल मागे सरकतं. आवाजाचं राहू द्या, हे आधी तपासा.

अजूनही आखूड शाफ्ट की मागचा शाफ्ट हे ठरत नसेल तर शेवटची खात्रीची चाचणी: खुणा करून मागचा शाफ्ट पूर्ण काढा, पुढचे हब (चाकाच्या मध्यावर डायल असलेला भाग, जो चाक अ‍ॅक्सलला जोडतो किंवा मोकळं सोडतो) लॉक करा, फोर-हाय म्हणजे चारही चाकांचा ड्राइव्ह टाका आणि फक्त पुढच्या चाकांवर सरळ रिकाम्या रस्त्यावर जपून ५५ पर्यंत जा. शाफ्टचा सरकता जोड शाफ्टमध्येच आहे, दोन्हीकडे फ्लँज, त्यामुळे ऑइल सांडत नाही. आवाज गेला तर मागचा शाफ्ट किंवा पिनियन, राहिला तर आखूड शाफ्ट आणि माउंट, किंवा आता फिरायला लागलेला पुढचा शाफ्ट. उभी करताना दगड लावा, हँडब्रेकच्या भरवशावर सोडू नका.

टपावरच्या वस्तूंबद्दल एवढंच, की त्यांचा आवाज शिट्टीचा असतो, घुमण्याचा नाही, आणि वाऱ्याची दिशा बदलली की बदलतो. लाइट बारच्या मागच्या पात्यांवर मास्किंग टेप मारून एक चक्कर मारली की कळतं. तुमच्या तक्रारीत ते नाही.

राहिला एक धागा जो माझ्या डोक्यात सारखा येतोय, एखाद्या सकाळी आवाज येतच नाही हा. गार रबर कडक असतं, केस कमी पिळली जाते, हे एक कारण होऊ शकतं. पण एक दुसरं सांगतो. काही वर्षांपूर्वी मुळशीकडच्या एका मित्राची जिप्सी माझ्याकडे आली होती, असाच घूं, कधी असायचा कधी नसायचा, तीन ठिकाणी दाखवून झालेलं, बरेच पैसे गेलेले. मीही दोन दिवस मागच्याच बाजूला शोधत होतो. तिसऱ्या दिवशी सहज टू-हाय मध्ये पुढची दोन्ही चाकं उचलून एकेक हाताने फिरवली. उजवं चाक मोकळं फिरलं. डावं फिरवलं तर आत काहीतरी सोबत फिरत होतं. डायल फ्रीवर होता पण हबच्या आत चिखलाचं पाणी जाऊन गंज धरलेला, तो अर्धवट लॉकच राहिला होता. आता एकच हब लॉक असला की डाव्या अ‍ॅक्सलचं फिरणं डिफरन्शियलमध्ये येतं आणि तिथून त्याला दोन वाटा असतात, एक तर उजवं अर्धं अ‍ॅक्सल उलटं फिरवायचं, नाहीतर पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरवायचा. ज्या बाजूला अडकाव कमी तिकडे ते जातं. सकाळी ऑइल गार आणि घट्ट असताना एका वाटेने, गरम झाल्यावर दुसऱ्या, खड्ड्यात आपटलं की परत बदल. पुढचा शाफ्ट फिरायला लागला की लिफ्टमुळे वाढलेल्या कोनात तो घूं करायचा, थांबला की शांत. हब उघडला, रॉकेलने धुतला, गंज काढला, पातळ ग्रीस, नवीन गास्केट. दीड तासाचं काम.

तुमच्या तक्रारीतलं अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर कमी होणं याच्याशी पूर्ण जुळत नाही, म्हणून मी माउंटवर पहिला संशय धरलाय. पण हब बघायला दहा मिनिटं लागतात आणि तुमची गाडी त्याच पाण्यातून आलीय, तेव्हा स्किड प्लेट काढाल त्याच दिवशी पुढची चाकं उचलून फिरवून घ्या. आणि पाचव्या गिअरमध्ये ५५ ला अ‍ॅपवर आलेला आकडा, दोन्ही फ्लँजचे कोन आणि माउंटचे फोटो पाठवा, ते आले की शिम किती अंशाचा लागेल किंवा शाफ्ट बॅलन्सिंगला न्यायचा का ते नेमकं सांगतो. तोपर्यंत ट्रान्सफर केसला पाना लावू देऊ नका.